दगडांचं सांग

दुकानदार : अहो साहेब, थांबा थांबा! वेफर्सचं पाकीट आहे का ते, असं दातांनी फाडायला?

मुलगा : मग काय करायचं? फूल आत आहे, टाकी समोर आहे. सोडायचं की आत.

दुकानदार : असं सोडलंत तर संध्याकाळपर्यंत त्याचा नुसता चिकट गोळा होईल, आणि सगळी टाकी नासेल ती वेगळीच. माझ्या दुकानातल्या पाण्याचा खारटपणा वेगळा, तुमच्या टाकीतला वेगळा. मासा एक वेळ सोसेल, पण हे अॅनिमोन, समुद्रातला फुलासारखा दिसणारा जीव, नाही सोसत. आधी पिशवी बंदच तरंगू द्या. पिशवीतलं आणि टाकीतलं पाणी सारखंच कोमट झालं की मग बादलीत काढू आणि या बारीक नळीनं टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडू. मॅडमना हे सगळं तोंडपाठ आहे.

मुलगा : मॅडम आयसीयूत आहेत.

दुकानदार : हो... फोनवर बोललात ते. वाईट वाटलं हो ऐकून. आता कशा आहेत?

मुलगा : सकाळी मशीनवर घातलं. घशात नळी, बोलणं बंद. आधी म्हणाले न्यूमोनिया, मग म्हणाले कसला तरी ताप असेल. औषध लागू पडत नाही, एवढं मात्र सगळे एकमतानं सांगतात.

आई : अरे, परवा सकाळी धडधाकट ऑफिसला गेली होती माझी सून. दृष्ट लागल्यासारखं झालं.

मुलगा : आई, तू जरा पड बरं. आंघोळ झाली की परत जायचंय आपल्याला.

आई : पडून काय करू? डोळा लागत नाही माझा. चहा टाकते तुम्हा दोघांना. मी नाही घेणार. काही घातलं तोंडात की कडूच लागतंय कालपासून.

मुलगा : रात्रभर बाकावर बसलीस, पित्त झालं असेल.

दुकानदार : साहेब, तो दिवा मंद करा टाकीचा. प्रवासातून आलंय, एकदम उजेड नको त्याला. आणि पंपाच्या तोंडाला स्पंज आहे का बघा.

मुलगा : स्पंज कशाला?

दुकानदार : हे एका जागी बसत नाही ना! जागा आवडली नाही की पायावर सरकत निघतं. खाली पाय असतो त्याला, सगळा जीव त्या पायात. आपल्याला वाटतं फूल आहे. हिंडत हिंडत पंपाच्या तोंडाशी गेलं की खलास, किसणीवर घातल्यासारखं होतं. मी त्याला सोडवून आणतानाच जीव मुठीत धरला होता. पाय फाटला की संपलं.

मुलगा : स्पंज आहे. हिनंच लावलेला दिसतोय. सगळी तयारी करून ठेवलीय बघा. नळीसुद्धा गुंडाळून ठेवलेली.

आई : करेलच. या टाकीसाठी ती काय नाही करायची? घराला आग लागली तर आधी माशांना विचारेल, निघायचं का म्हणून.

मुलगा : तो तुझा जुना विनोद आहे, आई.

आई : तूच हसायचास त्याला सगळ्यात जास्त.

मुलगा : हो. हसायचो.

दुकानदार : मॅडम महिनाभर मागे लागल्या होत्या हो माझ्या. हाच रंग पाहिजे, टोकं जांभळी पाहिजेत. मी म्हटलं आणतो. पण साहेब, एक विचारू का? रागावू नका. अशा वेळी तुम्ही मला कशाला बोलावलंत? मी दुकानात आठवडाभर सांभाळलं असतं की.

मुलगा : तिनंच सांगितलं.

दुकानदार : मॅडमनी? कधी?

मुलगा : काल दुपारी. मास्क लावलेला होता तोंडावर. श्वास पुरत नव्हता आणि बाई काय म्हणते, तर दगड. “दगडांचं सांग, दगडांचं सांग.” माझा हात ओढून ओढून. आधी मला कळेचना. मग आई म्हणाली, टाकीतल्या दगडांचं म्हणतेय, मासेवाल्याला निरोप द्यायचा असेल. म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात दगडांचं काही माहीत नाही, पण अॅनिमोन आलंय. म्हटलं हेच असेल. तिचा जीव यात अडकलाय, तर निदान हे तरी नीट करू.

दुकानदार : दगडांचं म्हणाल्या? अॅनिमोनचं नाही?

मुलगा : एकच ना ते. टाकीच.

दुकानदार : बरं. बादली आहे का एखादी? साबण न लागलेली.

आई : तिची वेगळी निळी बादली आहे, मोरीच्या मागे. आम्हाला हात लावायची बंदी आहे तिला.

मुलगा : आणतो मी.

दुकानदार : मावशी, टाकीची ही डावी बाजू रिकामी कशी काय? इथे मोठे दगड होते ना, दोन-तीन? याला पाय रोवायला तीच जागा होती ठरवलेली.

आई : असतील कुठे तरी.

दुकानदार : असतील म्हणजे? चालत गेले का?

मुलगा : ही घ्या बादली. काय झालं?

दुकानदार : दगड नाहीत साहेब. डावीकडचे. मॅडम त्याच दगडांचं म्हणत असतील.

मुलगा : आई, दगड कुठे आहेत?

आई : बाल्कनीत आहेत. पातेल्यात.

मुलगा : पातेल्यात?

आई : आता तुला ते सगळं उकरायलाच पाहिजे का? तिकडे पोरगी मरणाच्या दारात आणि इथे दगडांची चौकशी!

मुलगा : उकरत नाहीये. विचारतोय. याला बसायला लागणार आहेत ते.

आई : मग ऐक. नाही तरी ती बरी झाली की सांगणारच आहे तुला, माझ्याकडून ऐकलेलं बरं. त्या दगडांवर ती तपकिरी घाण उगवली होती ना, केसाळ, बारकी बारकी. रोज कुरकुर करायची. एक काढलं की दहा येतात, नवीन फूल आलं की त्याला डसतील, असं व्हायला नको आणि तसं व्हायला नको.

दुकानदार : तीही अॅनिमोनच असतात मावशी, पण तणासारखी. फार पसरतात.

आई : तेच ते. म्हटलं एवढं काय त्यात? तुझ्या दुधाच्या बाटल्या मी उकळूनच काढायचे ना? कधी पोट बिघडलं तुझं? परवा दुपारी ती ऑफिसात होती. तिचे ते रबरी हातमोजे घातले, दगड काढले, मोठ्या पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवले. झाकण ठेवलं आणि खाली भाजीला गेले. चांगले खळखळून उकळू देत म्हटलं.

मुलगा : अगं पण तिला विचारायचंस तरी.

आई : विचारून काय सांगितलं असतं तिनं? “आई, राहू दे, तुम्हाला नाही जमायचं.” सहा महिने झाले मला इथे येऊन, दुसरं काही ऐकलं नाही मी. म्हटलं एकदा तरी म्हणेल, आई, बरं केलंत. त्यासाठी केलं रे.

दुकानदार : मावशी. कुठले दगड होते ते? नुसती तपकिरीच होती त्यांच्यावर, की हिरवी बटणंही होती? गोल गोल, चादरीसारखी पसरलेली?

आई : होती की. हिरवी, मध्ये नारिंगी ठिपका. उकळल्यावर पांढरी पडली सगळी.

दुकानदार : खिडक्या उघड्या होत्या?

आई : छे. एवढ्या उकाड्यात? एसी लावलेला होता. स्वयंपाकघराचं दार तेवढं पुढं केलेलं.

दुकानदार : साहेब, तुम्ही आधी ती खिडकी उघडा. सगळ्याच उघडा.

मुलगा : काय झालं?

दुकानदार : आणि बाल्कनीत कुणी जाऊ नका. मावशी, तुम्ही त्या पातेल्याला परत हात लावलात?

आई : नाही बाई. माझी काय बिशाद आहे! भाजी घेऊन दार उघडते तर ही ऑफिसातून आधीच आलेली. स्वयंपाकघरातून ओरडली माझ्यावर. “आत येऊ नका! तिथेच थांबा!” आयुष्यात माझ्यावर कुणी असं ओरडलं नव्हतं, तुझे वडीलसुद्धा. आणि धाडकन दार लावून घेतलं माझ्या तोंडावर. मी बाहेरून दारावर थापा मारतेय, अगं उघड, काय झालंय ते तरी मला सांग. उघडेल तर शपथ. भाजीची पिशवी घेऊन मी जिन्यात बसून राहिले, भिकारणीसारखी.

मुलगा : हे तू मला सांगितलं नाहीस.

आई : तू कामावरून दमून आलास पहाटे, तर ही तापानं फणफणलेली, धड बोलताही येत नव्हतं तिला. तेव्हा काय सासू-सुनेची भांडणं सांगत बसू? आणि काल इस्पितळात ती दगड दगड करायला लागली, तेव्हा मला वाटलं... जाऊ दे.

मुलगा : काय वाटलं?

आई : वाटलं, आत्ताही माझी चहाडीच करतेय. म्हणून म्हटलं, मासेवाल्याला निरोप असेल.

दुकानदार : साहेब, मी तुम्हाला आधीच सांगतो, मी ती बटणं दिली तेव्हा मॅडमना सगळं सांगितलं होतं. हातमोज्यांशिवाय धरायची नाहीत, दगड कोरडा घासायचा नाही, गरम पाणी तर अजिबात नाही. मॅडमना माहीत होतं. विचारा हवं तर त्यांना.

मुलगा : कुणाला विचारू? काय माहीत होतं तिला? नीट सांगा.

दुकानदार : विष असतं त्या हिरव्या बटणांत, जिवंत प्रवाळ असतं ते. टाकीत काही करत नाहीत, बिचारी शांत असतात. पण उकळलं की वाफेत येतं. ती वाफ आत गेली की ताप, खोकला, छाती आवळून येते. तोंड कडू पडतं आधी. साहेब, असं झालेलं आहे लोकांना. घरंच्या घरं इस्पितळात गेलीत.

मुलगा : आणि तुम्ही हे विकता.

दुकानदार : सगळेच विकतात. रंग चांगला असतो. विषारी म्हणून बोर्ड लावला असता तर कुणी घेतलं असतं?

मुलगा : म्हणजे ती आम्हाला... दगडांचं सांग म्हणजे... डॉक्टरांना सांग.

दुकानदार : हो, साहेब. दुसरं काय असणार?

मुलगा : मी तिला काय म्हटलं माहितीये? हात हातात घेऊन? “दगडांची काळजी करू नकोस, आई बघतेय सगळं.” तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, बरं वाटलं तिला.

दुकानदार : फोन लावा आधी. रडायचं नंतर. लावा.

(मुलगा फोन लावतो.)

मुलगा : हॅलो, आयसीयू? बेड खिडकीजवळचा, हो, काल आणलेल्या. मी नवरा बोलतोय. डॉक्टरांना द्या. नाही, आत्ताच द्या. राउंडवर असू देत, मी धरतो... डॉक्टर, तिला न्यूमोनिया नाहीये. वाफ गेलीय तिच्या छातीत. विषारी. माशांच्या टाकीतले दगड उकळले होते घरात, त्यावरची... थांबा, नाव सांगतात. नाव काय त्याचं?

दुकानदार : झोअँथिड. विषाचं नाव पॅलिटॉक्सिन. पॅ-लि-टॉक्सिन. लिहून घ्या म्हणावं.

मुलगा : पॅलिटॉक्सिन. हो, घरातच. परवा दुपारी... तिला माहीत होतं, डॉक्टर. ती सांगत होती. आम्ही... हो. हो. उतारा आहे का त्यावर?... नाहीच? काहीच?... मग कळून उपयोग काय?... बरं. हृदयाचं बघताय. बरं... घरात आणखी कोण? माझी आई होती.

दुकानदार : तोंड कडू लागतंय सांगा त्यांचं.

मुलगा : तोंड कडू लागतंय तिचं कालपासून. नाही, ताप नाही. दम... आई, दम लागतोय का तुला?

आई : मला काही होत नाहीये. तिचं बघ म्हणावं.

मुलगा : घेऊन येतो. लगेच निघतो.

आई : काय म्हणाले?

मुलगा : आता निदान कशाशी झुंजतोय ते कळलं म्हणाले. हृदयाचे ठोके मघापासून चुकताहेत तिचे. तुला पण बघायचंय त्यांना. चल.

आई : अरे, पण ती आत का गेली मग? तिला माहीत होतं ना सगळं? यांनी सांगितलं होतं म्हणतात ना? मग दारातूनच परत का नाही फिरली?

दुकानदार : गॅस चालू होता ना, मावशी. कुणी तरी बंद करायलाच पाहिजे होता. नाही तर दगड सुके पडेपर्यंत धूर झाला असता, पूर्ण घरात. शेजाऱ्यांकडेसुद्धा.

आई : आणि मी येतच होते भाजी घेऊन.

मुलगा : हो.

आई : मी आले असते तर सरळ ओट्याशीच गेले असते. झाकण काढून बघितलं असतं, झाले का म्हणून.

मुलगा : हो, आई.

आई : म्हणून ओरडली. “आत येऊ नका.” म्हणून दार लावलं. आणि मी बाहेरून शिव्या घालत होते तिला. मोठ्यानं. खालच्या बाईलासुद्धा ऐकू गेलं असेल.

मुलगा : आई, आता नको ते.

आई : नाही, ऐक. नंतर तिनं दार उघडलं, तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या, पातेलं बाहेर बाल्कनीत. अंगावरचे कपडे पिशवीत बांधून टाकून दिले होते तिनं. मी घरात आल्या आल्या मला विचारते, “तोंडाला कडू चव येतेय का तुमच्या?” मला वाटलं टोमणा मारतेय. मी म्हटलं, माझं तोंड कडूच आहे, तुझं आहे ना गोड, बस तू तुझ्या टाकीपाशी. आणि खोलीत जाऊन पडले. जेवलेसुद्धा नाही.

मुलगा : तिनं काही सांगितलं नाही तुला? विषाचं?

आई : सांगायला आली होती. दार वाजवत होती. “आई, ऐका तरी, महत्त्वाचं आहे.” मी कडी काढली नाही. माफी मागायला आली असेल म्हटलं, होऊ दे जरा. मग रात्रभर खोकत होती पलीकडे. मला ऐकू येत होतं रे. प्रत्येक खोकला ऐकला मी. पाणी द्यायला उठावंसं वाटलंही मध्येच, देवाशप्पथ. पण अबोला धरला होता ना मी. आधी मीच कशी बोलू?

मुलगा : तिनं मलाही फोन केला नाही.

आई : तुला काय सांगितलं असतं? तुझ्या आईनं विष शिजवलं म्हणून?

दुकानदार : साहेब, गाडी बोलावू का मी? तुम्ही चालवू नका आत्ता.

मुलगा : बोलवा. आणि तुम्ही इथे थांबाल का जरा? हे अर्धवट राहिलंय.

दुकानदार : मी घेऊन जातो याला परत. माझ्या टाकीत ठेवतो. तुम्ही कशाला या भानगडीत पडता आत्ता?

मुलगा : नाही. तिनं महिनाभर वाट बघितलीय याची. तुम्हाला जे जे पाणी घालायचं ते घाला, थेंब थेंब, जितका वेळ लागेल तितका. मग सोडा टाकीत. उजवीकडे सोडा, तिथे दगड आहेत ना?

दुकानदार : आहेत. पण तिथे प्रवाह जास्त आहे. बसेल की नाही सांगता येत नाही. आवडलं नाही तर हिंडेल रात्रभर.

मुलगा : हिंडू दे. स्पंज लावलाय तिनं.

दुकानदार : बरं. आणि ते पातेलं मी बघतो. मास्क आहे माझ्याकडे गाडीत. बांधून, बंद करून नेतो. साहेब... माझ्याकडून चूक झाली हो. मी घरातल्या सगळ्यांना सांगायला पाहिजे होतं.

मुलगा : तिनं सांगितलं होतं आम्हाला. सहा महिने सांगतेय. टाकीला हात लावू नका. आम्ही हसायचो.

आई : बाळा.

मुलगा : आधारकार्ड घेतलंस का? औषधांची पिशवी घे तुझी.

आई : बाळा, इकडे बघ. माझ्यामुळे झालं ना हे?

मुलगा : गाडी येतेय, आई.

आई : मी चांगल्यासाठी केलं होतं रे. तिच्यासाठीच केलं होतं. तिनं एकदा बरं म्हणावं म्हणून. तुला माहितीये ना?

मुलगा : माहितीये.

आई : मग नाही म्हण ना. एकदा नाही म्हण, खोटं म्हण. तिला काही झालं तर मी कुठे जाऊ? तू तरी बोलशील ना माझ्याशी?

मुलगा : चपला घाल, आई. आणि जिना हळू उतर.